‘छत्रपती संभाजीनगर’ एनक्रिप्ट होतंय, ‘बीड’ होत नाही

बालाघाट:

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या नोंदी ठेवणं हे आमचं काम. कोणता कोयता, म्हणजे तोडीला जाणारी जोडी, कोणत्या टोळीत गेला, मुकादमाकडून उचल किती घेतली, सोबत लेकरं किती, आणि बायांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल काय सांगितलं. यातलं शेवटचं फार नाजूक आहे. गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा विषय निघाला की बाई आधी दाराकडं बघते, मग बोलते. म्हणून तेवढी नोंद कागदावर उतरवायचीच नाही असं आम्ही ठरवलंय. नाव, गाव, लेकरं कागदी फॉर्मवर. तब्येतीचं थेट टॅबवर, आणि टॅबवरून सर्व्हरला जाताना एनक्रिप्ट होऊनच, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाही असं.

मी अंबाजोगाईला बीएस्सी केलं, पायथॉन स्वतःच शिकले. प्रोग्रॅम आधी एका मित्रानं लिहिला होता, तो आता दुसरीकडं नोकरीला आहे, त्यामुळं सांभाळायचं माझ्याकडं आलंय. लायब्ररी, म्हणजे तयार कोड, पायक्रिप्टोडोम; एनक्रिप्ट करायची पद्धत एईएस, तिचा सीबीसी मोड, किल्ली २५६ बिटची.

अडचण अशी. जिल्ह्याच्या खान्यात मराठवाड्याचे आठ जिल्हे आहेत. बीड टाकलं की एरर यायलाय: ‘डेटा मस्ट बी पॅडेड टू १६ बाइट बाउंडरी इन सीबीसी मोड’, म्हणजे मजकूर १६ बाइटच्या पटीत भरलेला नाही. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, धाराशिव, सगळ्यांना तोच एरर. पण छत्रपती संभाजीनगर टाकलं की व्यवस्थित एनक्रिप्ट होतं आणि परत उलगडतंही. मला वाटलं लांब नाव चालत असेल, आखूड चालत नसेल. म्हणून जुन्या फॉर्मवरचं औरंगाबाद टाकून बघितलं. तेही चाललं! मग उस्मानाबाद टाकलं, जे औरंगाबादपेक्षा लांब आहे. ते नाही चाललं. आमच्या जिल्ह्याचे अकराच्या अकरा तालुके टाकले. एकही चालला नाही.

आणखी एक. कुटुंब कुठं गेलं या खान्यात ‘कऱ्हाडला’ असं लिहिलेली नोंद एका टॅबवरून जाते आणि दुसऱ्या टॅबवरून तीच नोंद अडकते. दोन्ही टॅबवर प्रोग्रॅम एकच आहे, मी फाइल जुळवून बघितली.

पॅडिंगचं, म्हणजे कमी पडणारी जागा भरायचं, फंक्शन हातानं लिहिलेलं आहे. ते मजकुराची लांबी मोजतं, १६ ने भागून बाकी काढतं, १६ ला जितकं कमी पडतं तितक्या वेळा त्याच आकड्याचं कॅरेक्टर मजकुराच्या शेवटी चिकटवतं. त्यानंतर यूटीएफ-८ मध्ये एनकोड, म्हणजे अक्षरांचे बाइट करायचे, त्यानंतर एईएस. काढायचं फंक्शन शेवटचं कॅरेक्टर बघतं आणि तितकं कापून टाकतं. इंग्रजी नावांवर सगळी चाचणी झालेली होती आणि तिथं एकदाही चूक आली नाही.

आता जे घडलंय ते सांगते. एनक्रिप्ट करताना एरर आला तर रिकामा खाना पाठवायचा, अशी एक ओळ त्या प्रोग्रॅममध्ये होती. टॅब बंद पडू नये म्हणून लिहिली असेल. त्यामुळं दिवाळीआधी आम्ही वाड्या-वस्त्यांवर, तांड्यांवर फिरून ज्या २१२ बायांशी बोललो, त्यातल्या २९ नोंदीच शाबूत आहेत. बाकीच्या रिकाम्या. हे कळलं तेव्हा टोळ्या निघून गेलेल्या होत्या.

मला दुरुस्ती पाहिजेच, पण त्याहून जास्त हे समजून घ्यायचंय की यातलं काही नाव का चालतं आणि काही का चालत नाही. समजलं नाही तर दुरुस्त झालंय यावर माझा विश्वास बसणार नाही.

दुधनाकाठ:

ताई, हातानं लिहिलेलं फंक्शन काढून टाका. पायक्रिप्टोडोममध्येच ‘क्रिप्टो डॉट यूटिल डॉट पॅडिंग’ आहे, त्यात पॅड आणि अनपॅड दोन्ही आहेत. पॅडला बाइट्स द्यायचे आणि १६ हा आकडा द्यायचा, काम झालं.

आणि घाई असेल तर नावं तेवढी रोमन लिपीत लिहून ठेवा. इंग्रजीत चाललंय म्हणता ना.

बालाघाट:

दादा, लायब्ररीचं पॅड आजच लावून बघते, धन्यवाद. पण रोमनचं जमणार नाही. आमच्या यादीत काळे आहेत आणि काले पण आहेत, रोमनमध्ये दोघं एक होतात. ळ आणि ण गेले की निम्मी गावं ओळखू येत नाहीत. आणि तब्येतीची नोंद आम्ही बाईच्याच शब्दांत लिहितो. ‘अंगावरून जायलंय’ हे ती जसं म्हणाली तसंच राहिलं पाहिजे, पुढं डॉक्टरीणबाई तेच वाचतात.

गोदातीर:

बालाघाट, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि कागद-पेन घेऊन बसलो. दुधनाकाठ यांनी सांगितलेला उपाय बरोबर आहे. पण कारण विचारलंय तुम्ही, आणि कारण फार नेमकं आहे.

एईएसचा ठोकळा कायम १६ बाइटचा असतो. किल्ली १२८ बिटची घ्या, १९२ ची घ्या नाहीतर २५६ ची, ठोकळा तोच. २००१ साली अमेरिकेच्या मानक संस्थेनं एईएस जाहीर केलं तेव्हापासून हे ठरलेलं आहे. सीबीसी मोडला पूर्ण ठोकळेच लागतात, म्हणून शेवटचा अर्धवट ठोकळा भरून काढावा लागतो. तुमच्या मित्रानं वापरलेली पद्धत पीकेसीएस ७ या नावानं ओळखतात: जितके बाइट कमी पडतात, तितके बाइट घालायचे आणि प्रत्येकाची किंमत तोच आकडा. पाच कमी पडले तर ५, ५, ५, ५, ५. कल्पना बरोबर होती. मोजमाप चुकलं. तुमचं फंक्शन अक्षरचिन्हं मोजतंय आणि एईएस बाइट मोजतंय.

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे यूटीएफ-८ मध्ये एक बाइट, त्यामुळं दोन्ही मोजणी जुळतात आणि चूक लपून राहते. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे आपण शाळेत मोजतो ते अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, हलन्त वेगळा. ‘बीड’ म्हणजे ब, दीर्घ वेलांटी, ड: तीन चिन्हं, ९ बाइट. फंक्शन म्हणालं, लांबी ३, म्हणजे १३ कमी. त्यानं तेरा वेळा १३ जोडले. १३ हे इंग्रजी अक्षरांसारखं साधं आस्की कॅरेक्टर असल्यामुळं त्याचा एकेकच बाइट होतो. एनकोड झाल्यावर ९ आणि १३ मिळून २२ बाइट. १६ ने भाग जात नाही, एईएसनं नाकारलं. प्रत्यक्षात ७ च कमी होते.

आता संभाजीनगर का चालतं ते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह फंक्शनच्या हिशेबापेक्षा दोन बाइट जास्त खातं. म्हणजे मजकुरात देवनागरी चिन्हं जितकी, त्याच्या दुप्पट बाइटांची तफावत पडते. ही तफावत नेमकी १६ च्या पटीत आली, तर पूर्ण ठोकळे वाढतात आणि शेवटच्या ठोकळ्यातली कमतरता जशीच्या तशी राहते. दुप्पट १६ च्या पटीत, म्हणजे मूळ चिन्हं ८ च्या पटीत. एवढाच नियम आहे. देवनागरी चिन्हं आठ, सोळा, चोवीस असतील तर नोंद जाते, नाहीतर अडकते. मधली मोकळी जागा किंवा रोमन आकडे कितीही असोत, त्यांनी काही बिघडत नाही.

छत्रपती: छ, त, हलन्त, र, प, त, वेलांटी, ही ७. संभाजीनगर: स, अनुस्वार, भ, काना, ज, वेलांटी, न, ग, र, ही ९. एकूण १६. मोकळी जागा धरून ४९ बाइट, फंक्शननं जोडले १५, बेरीज ६४. औरंगाबाद: औ, र, अनुस्वार, ग, काना, ब, काना, द. आठ! शहराचं जुनं नाव ८ आणि नवं नाव १६, दोन्ही पटीत बसतात हा निव्वळ योगायोग. उस्मानाबादची चिन्हं १०, धाराशिवची ७, हिंगोलीची ७, नांदेडची ६, लातूर, परभणी, जालना पाच-पाच. सगळी बाहेर.

तुमचे अकरा तालुकेही मोजले. केज आणि बीड ३, परळी ४, आष्टी, धारूर, वडवणी ५, पाटोदा, गेवराई ६, माजलगाव ७, अंबाजोगाई ९, शिरूर कासार १०. आठ कुणाचेच नाहीत. तुमची संस्था जालन्यात घनसावंगीला, नांदेडात धर्माबादला नाहीतर इकडं खुलताबाद, फुलंब्रीला असती, तर तालुक्याच्या खान्यात ही चूक दिसलीच नसती. ती चारही नावं आठ चिन्हांची आहेत. मला हे सगळ्यात भीतीदायक वाटलं. चाचणी कोणत्या गावी केली यावर प्रोग्रॅम बरोबर की चूक ठरला असता.

लांब मजकुरात चिन्हांची संख्या कशीही येते, म्हणजे आठातली साधारण एक नोंद आठच्या पटीत पडणार. २१२ चा आठवा भाग साडेसव्वीस. तुमच्या २९ वाचल्या. हिशेब जुळतो.

‘कऱ्हाडला’चं कोडं मला आवडलं. हा नुक्त्याचा ऱ लिहायच्या दोन पद्धती आहेत. काही कीबोर्ड ऱ हे एकच चिन्ह टाकतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या पद्धतीनं क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, ल, काना: आठ. दुसऱ्या पद्धतीनं नऊ, कारण त्या न दिसणाऱ्या चिन्हालाही तीनच बाइट लागतात. दोन टॅबवर कीबोर्ड वेगळे आहेत का ते बघा. माझी खात्री आहे, असणार.

दुरुस्ती एका वाक्याची: आधी एनकोड, मग पॅड. उलगडताना उलट, आधी अनपॅड, मग डिकोड.

आणि त्या २९ नोंदींची काळजी करू नका. त्या आठच्या पटीत होत्या म्हणूनच गेल्या, आणि आठच्या पटीत असताना तुमच्या फंक्शननं जोडलेला आकडा आणि बाइट मोजून आलेला आकडा एकच निघतो. संभाजीनगरचंच बघा: ४९ ला १६ ने भागून १ उरतो, कमी १५. फंक्शननंही १५ च जोडले होते. लायब्ररीचं अनपॅड त्या नोंदी विनातक्रार उघडेल.

बालाघाट:

गोदातीर सर, मी ऑफिसात बसून बोटांवर मोजलं. शिरूर कासार १०, बरोबर. कीबोर्ड वेगळेच निघाले. एक टॅब आमच्या सहकारी ताईंचा आहे, त्यांनी स्वतःच्या सवयीचा टाकून घेतलाय. २९ च्या २९ नोंदी नव्या अनपॅडनं उघडल्या. रडू आलं, खरं सांगते.

दोन शंका. एक: मजकूर आधीच बरोबर १६ बाइटचा असेल तर काहीच जोडायचं नाही ना? दोन: आमच्यातली एकजण विचारते, हा १३, १३ चा खेळ कशाला, शेवटी सरळ शून्यं भरली तर?

गोदातीर:

जोडायचं. १६ बाइट पूर्ण असतील तर आणखी १६ बाइटचा अख्खा ठोकळा जोडायचा, प्रत्येकाची किंमत १६. कारण उलगडणाऱ्याला कायम शेवटचा आकडा वाचून कापायचं असतं. कधी जोडलं, कधी नाही, असं केलं तर त्याला कळणार कसं की शेवटचा बाइट मजकुराचा आहे की भरतीचा? यामुळं डेटाबेसचा रकाना आखताना एक ठोकळा जास्त धरा. १६ बाइटचा मजकूर ३२ होतो, सुरुवातीचे आयव्हीचे (पहिल्या ठोकळ्यात मिसळायचे बाइट) १६ धरून ४८, आणि बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, लिहिल्यावर ६४ अक्षरं.

शून्यं भरली तर मराठी मजकुराचं निभावेल, कारण यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या देवनागरीत शून्य किमतीचा बाइट येत नाही. पण उद्या तुम्ही रिपोर्टचा फोटो किंवा झिप केलेली फाइल त्याच फंक्शनमधून पाठवाल. तिच्या शेवटी खरीच शून्यं असली तर तीही कापली जातील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. तुमच्याकडं रिकाम्या खान्यांनी जे केलं, तेच पुन्हा.

दुधनाकाठ:

माझी रोमनची सूचना मागं घेतो, ताई. मी एवढा विचार केला नव्हता.

इतर कुणी हा धागा वाचत असेल तर दोन जागा सांगून ठेवतो जिथं मी स्वतः अडकलोय. पायथॉनची ‘क्रिप्टोग्राफी’ नावाची दुसरी लायब्ररी आहे, तिच्या पीकेसीएस ७ ला आकडा बिटमध्ये द्यावा लागतो, १२८. मी सवयीनं १६ दिला. तिनं तो १६ बिट म्हणजे दोन बाइट समजून घेतला आणि काही बोलली नाही, एरर आला तो पुढं एईएसमध्ये. दुसरं पीएचपी या भाषेत. तिथं ‘ओपनएसएसएल झीरो पॅडिंग’ असा एक पर्याय आहे. नाव वाचून वाटतं शून्यं भरतो. प्रत्यक्षात तो पॅडिंग पूर्ण बंद करतो, आणि भरायचं काम तुमच्यावर येतं. काहीच पर्याय दिला नाही तर पीएचपी आपोआप पीकेसीएस ७ लावतं.

देवगिरी:

वरचं सगळं बरोबर आहे, तरी मी जरा वेगळं बोलणार आहे, कारण या नोंदी कुणाच्या आहेत ते वाचलं.

बालाघाट, तीन गोष्टी विचारतो. उलगडताना चूक झाली तर सर्व्हर टॅबला काय उत्तर पाठवतो? आयव्ही प्रत्येक नोंदीला नवा आहे की एकच? आणि आलेली नोंद वाटेत कुणी बदलली नाही हे तुम्ही कशावरून ओळखता?

बालाघाट:

सर्व्हर लायब्ररीचा एरर जसाच्या तसा परत पाठवतो, ‘पॅडिंग इज इनकरेक्ट’. दुसरी काही चूक असली तर दुसरा मेसेज. आयव्ही सोळा शून्यं, कायम तीच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. असं ओळखता येतं हेच माहीत नव्हतं.

देवगिरी:

मग नीट ऐका, हे आजच बदला.

२००२ साली सर्ज व्होदने या क्रिप्टोग्राफरनं दाखवून दिलं की ‘पॅडिंग चुकलं’ आणि ‘पॅडिंग बरोबर पण दुसरं काही चुकलं’ एवढा फरक सर्व्हरच्या उत्तरातून कळला, तरी किल्ली नसताना अख्खा मजकूर वाचता येतो. पद्धत अशी. सीबीसीमध्ये एक ठोकळा उलगडताना त्याच्या आधीचा एनक्रिप्ट झालेला ठोकळा त्यात एक्सऑर या बिटांच्या क्रियेनं मिसळतात. म्हणजे आधीच्या ठोकळ्यातला एक बाइट मी बदलला, तर पुढच्या ठोकळ्याच्या उलगडलेल्या मजकुरात त्याच जागचा बाइट माझ्या मर्जीनं बदलतो. मी शेवटच्या बाइटला ० ते २५५ किमती देऊन सर्व्हरला पाठवत राहतो. ज्या वेळी सर्व्हर ‘पॅडिंग चुकलं’ म्हणत नाही, त्या वेळी तिथं १ तयार झाला असं मला कळतं, आणि त्यावरून मूळ बाइट काढणं ही साधी उलट आकडेमोड. मग त्याच्या आधीचा बाइट, २, २ जुळवून. एका बाइटला फार तर २५६ प्रयत्न. एका ठोकळ्याला फार तर काही हजार विनंत्या, संगणकाला काही मिनिटांचं काम. यात एईएस कुठंही मोडावं लागत नाही. सर्व्हर स्वतःच होय-नाही सांगत बसतो.

मेसेज एकसारखे केले म्हणजे सुटलो असंही नाही. २०१३ मध्ये ‘लकी थर्टीन’ हल्ल्यानं फक्त उत्तराला लागणाऱ्या वेळेच्या फरकावरून हेच करून दाखवलं. तुमचं जुनं कापायचं फंक्शन फक्त शेवटचा आकडा बघत होतं, बाकीचे भरतीचे बाइट तपासत नव्हतं. वेबची जोडणी सुरक्षित करणाऱ्या एसएसएल ३.० मध्येही तसंच होतं, आणि २०१४ चा ‘पूडल’ हल्ला त्याच फटीतून शिरला. एसएसएलच्या जागी आलेल्या टीएलएसची १.३ आवृत्ती २०१८ मध्ये आली तेव्हा सीबीसी त्यातून काढूनच टाकलं.

तुमच्यासाठी मार्ग: एईएसचा जीसीएम मोड. त्यात ठोकळा पूर्ण करायची गरजच नाही, त्यामुळं पॅडिंग नाही. सोबत १६ बाइटचा टॅग मिळतो. वाटेत एक बिट जरी बदलला तरी टॅग जुळत नाही आणि नोंद उघडतच नाही. पायक्रिप्टोडोममध्ये ‘एनक्रिप्ट अँड डायजेस्ट’ आणि ‘डिक्रिप्ट अँड व्हेरिफाय’ अशी जोडी आहे. दरवेळी नवा, यादृच्छिक १२ बाइटचा नॉन्स, म्हणजे इथला आयव्ही. एका किल्लीसोबत तोच नॉन्स दुसऱ्यांदा वापरला तर जीसीएम सीबीसीपेक्षाही वाईट कोसळतं, तेव्हा सोळा शून्यांची सवय इथं आणू नका.

पण जीसीएमला एक बाजू आहे, आणि तुमच्या कामात ती महत्त्वाची आहे. पॅडिंग नसल्यामुळं एनक्रिप्ट झालेल्या मजकुराची लांबी मूळ मजकुराइतकीच राहते. तुमच्या फॉर्मवर ‘ऑपरेशन झालं का’ असा खाना असेल, त्यात ‘हो’ म्हणजे ६ बाइट आणि ‘नाही’ म्हणजे १२. किल्ली नसलेला माणूस फक्त लांबी बघून सांगेल कुणी हो म्हटलंय. सीबीसीत, पॅडिंग नीट असेल तर, दोन्ही १६ च दिसतात. म्हणजे जे पॅडिंग आपण निव्वळ मोड चालावा म्हणून घालत होतो, ते नकळत एक गोष्ट झाकतही होतं.

म्हणून खाने वेगवेगळे एनक्रिप्ट करू नका. एका बाईची पूर्ण नोंद एकत्र जेसनमध्ये, म्हणजे सगळे खाने एकाच मजकुरात, बांधा, एनकोड करा, ठरलेल्या मापापर्यंत भरा आणि मग जीसीएम. माप ५१२ बाइट घेतलं तर त्यात जेमतेम १७० देवनागरी चिन्हं बसतील, ते तुम्हाला पुरणार नाही. २०४८ घ्या. इथं पीकेसीएस ७ चालणार नाही, कारण एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. लायब्ररीच्या पॅडला शैली म्हणून ‘आयएसओ ७८१६’ सांगा. त्यात मजकुरानंतर १२८ किमतीचा एक खुणेचा बाइट आणि पुढं शून्यं.

बालाघाट:

सर, सर्व्हरचा मेसेज रात्रीच बदलला, आता काहीही चुकलं तरी एकच उत्तर जातं. जीसीएमचं काम चालू केलंय.

एक अडलंय. मी ‘परभणी’चे बाइट छापून बघितले. शेवटच्या दीर्घ वेलांटीचा तिसरा बाइट १२८ च आहे! आयएसओची खूणही १२८. मग उलगडताना परभणीची वेलांटी कापली जाणार नाही का? आमच्या निम्म्या बायांची नावं ईकारान्त आहेत.

देवगिरी:

छान पकडलंत. हो, दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट १२८ असतो. पण कापली जाणार नाही. खूण कायम घातलीच जाते, मजकूर माप गाठून बसला असला तरी, तेव्हा तर पूर्ण नवं माप जोडलं जातं. उलगडणारा मागून येतो, शून्यं ओलांडतो, आणि त्याला भेटणारा पहिला १२८ हा खुणेचाच असतो. तिथं तो थांबतो. वेलांटीचा १२८ त्याच्या पलीकडं सुरक्षित. खूण कधी घातली, कधी नाही, असं कुणी केलं तरच वेलांटी जाईल. गोदातीर यांनी सोळा पूर्ण असताना सोळा का जोडायचे ते सांगितलं, तेच कारण.

बालाघाट:

झालं. काय केलं ते लिहून ठेवते.

हातानं लिहिलेली दोन्ही फंक्शन काढली. पूर्ण नोंद एका जेसनमध्ये, २०४८ पर्यंत भरून, जीसीएम, नॉन्स दरवेळी नवा. रिकामा खाना पाठवणारी ओळ काढून टाकली. आता एनक्रिप्ट झालं नाही तर टॅब लाल होऊन थांबतो आणि नोंद टॅबवरून हलत नाही. चाचणीसाठी जी यादी केली त्यात आठ जिल्हे, आमचे अकरा तालुके, घनसावंगी, धर्माबाद, खुलताबाद, फुलंब्री, औरंगाबाद, उस्मानाबाद, आणि ‘कऱ्हाडला’ दोन्ही कीबोर्डवरून टाकलेलं. त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ची लांबी एकच येते का हेही तपासलं. येते. ‘परभणी’ वेलांटीसकट परत आली. जुन्या २९ नोंदी नव्या पद्धतीत घालून घेतल्या आणि जुनी किल्ली बदलली.

राहिल्या १८३. नावं आणि गावं कागदावर आहेत, कोण कोणत्या टोळीत गेलं तेही आहे. टोळ्यांचे तळ कुठं पडलेत ते गावात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गोळा करायलोत. शनिवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघी निघतोय. मोळ्या भरून गाडी गेली की बाया कोपीवर, तळावरच्या झोपडीवर, येतात, भाकरी टाकायच्या आधी थोडा वेळ बसतात. ती वेळ धरायची. पुन्हा विचारताना आधी त्यांना सांगणार आहे की तुम्ही सांगितलेलं आमच्याकडून हरवलं, दुसऱ्या कुणाच्या हाती लागलेलं नाही. धारूरकडच्या एकीनं तिसऱ्या भेटीत तोंड उघडलं होतं. पहिल्यांदा तिच्याकडंच जाणार आहे.